पाचवीचा टाकाऊ

लेकीच्या शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला: शनिवारी ‘टाकाऊपासून टिकाऊ’ प्रदर्शन, प्रत्येकाने एक वस्तू करून आणावी. खाली साहित्याची यादी होती. आइस्क्रीमच्या काड्या, सोनेरी कागद, थर्माकोल, दोन मीटर लेस, आणि सगळं नवीन. टाकाऊ वस्तू विकत आणायची, हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याचे पाय धरावेत असं मला वाटलं. पण मी स्वतः शिक्षिका. शाळेशी वाद घालणाऱ्या पालकांबद्दल आम्ही स्टाफरूममध्ये काय बोलतो ते मला पाठ आहे. निमूट पिशवी घेतली आणि शहागंजच्या बाजारात गेले.

दुकानदारानं यादी हातात घेतलीसुद्धा नाही.

“टाकाऊ ना? कौनसी क्लास?”

“पाचवी.”

“पाचवीचा टाकाऊ खतम झाला मॅडम. सहावीचा देऊ का? जादा मुश्किल नाय, फोटोफ्रेम हाय. अंदर नमुना बी हाय.”

प्लास्टिकच्या पिशवीत पॅक केलेला टाकाऊ, वर इयत्तेचं लेबल! चार शब्द सुनावावेत म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आणखी दोन आया आल्या. सहावीचाही हातचा जायचा, या भीतीनं मी तो घेऊन टाकला.

माझं डोकं तसं आधीपासूनच तापलेलं होतं. मी मुकुंदवाडीहून पिशोरच्या शाळेत रोज अप-डाऊन करते, आणि त्याच आठवड्यात आम्हा शिक्षकांचं सर्जनशीलतेचं प्रशिक्षण झालं होतं. एक साहेब दिवसभर ‘चौकटीबाहेर विचार करा’ सांगत राहिले आणि शेवटी त्यांनी नवोपक्रमाचा छापील नमुना वाटला. त्यात सतरा चौकटी होत्या. शेजारचे सर पेनाचं टोपणही न काढता म्हणाले, “लई डोकं नका लावू मॅडम. मागल्या सालचाच टाका, तारीख तेवढी बदला. इथं कोण वाचतंय?”

मी त्यांना तिथंच झापलं. माणसाला नवं काही सुचायचं तर आधी जुन्याचा मनापासून वैताग यायला हवा, आपल्याला तो येतच नाही, आपण सगळं चालवून घेतो, म्हणून आपल्याला काही सुचत नाही, असं बरंच ऐकवलं. सर शांतपणे म्हणाले, “व्हय, मंग हेच लिहा की चौकटीत.”

तर शहागंजहून मी घरी आले, तोवर पोरीनं तिची वस्तू करूनही ठेवली होती.

आमच्याकडे नळ आठ-आठ दिवसांनी येतो आणि वेळ त्याच्या मर्जीची. तोटी उघडी ठेवायची आणि कुणीतरी सारखं जाऊन बघायचं. हे कुणीतरी म्हणजे आमची लेक. “जा गं, नळ आला का बघ,” हे तिला दिवसातून वीस वेळा ऐकावं लागतं. त्याला कंटाळून तिनं फळांच्या खोक्याच्या फळीवर खिळा ठोकला आणि त्याला एक मोडका हँगर मधोमध टांगला. हँगरच्या एका टोकाला अर्धी कापलेली बाटली, ती तोटीखाली यायची. दुसऱ्या टोकाला टेकवून जुन्या डब्यांची दोन स्टीलची झाकणं उभी केलेली. पाणी आलं की बाटली भरणार, हँगर कलणार, झाकणांचा टेकू जाणार आणि ती खाली आदळणार. तिनं तांब्याभर पाणी ओतून दाखवलं. असा खणखणाट झाला की खालच्या मजल्यावरच्या काकू काय पडलं म्हणून वर आल्या.

“आता मला उठून बघायला नको,” लेक म्हणाली. चेहरा नुसता फुललेला.

आणि मी काय पाहिलं? हँगर गंजलेला, बाटली वाकडी कापलेली, एका झाकणावर लोणच्याचा डाग. मॅडमच्या मुलीनं हे आणलं, असं लोक म्हणतील! मी म्हटलं, “छानच आहे. जरा नीटनेटकं करू या.”

त्या ‘जरा’नं घात केला. मी सहावीचा टाकाऊ फोडला. हँगरला सोनेरी कागद गुंडाळला, बाटलीला लेस लावली, फळीच्या कडेनं काड्यांची महिरप केली. ती शेजारी उभी राहून आधी “आई, नको ना” म्हणत होती. मग “आई, झाकणं पडायला पाहिजेत” म्हणाली. “कळतं गं मला,” असं खेकसून मी दोन्ही झाकणं डिंकानं पक्की चिकटवली, रिक्षात पडू नयेत म्हणून. शेवटी शेवटी तर ती लेसचे तुकडे कापून माझ्या हातात देत होती, आणि मला वाटलं, चला, शहाणी झाली!

प्रदर्शनात परीक्षक बाईंनी वाकून विचारलं, “अरे वा! हे काय करतं बेटा?”

“काही नाही,” ती म्हणाली. “आधी वाजायचं. मग आईनं सजवलं.”

सगळे हसले. मीही हसले, लाज वाटत असताना माणूस हसतं तसं. तिला दुसरा नंबर मिळाला, प्रमाणपत्रावर ‘कल्पकतेबद्दल’ असं लिहिलेलं. पहिला पाचवीच्या टाकाऊला गेला. परतताना रिक्षात मी शाळेला, दुकानदाराला, त्या साहेबांना मनातल्या मनात शिव्या घालत होते. घर येईपर्यंत दुसरं कुणी उरलं नाही, तेव्हा स्वतःवर आले.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी नळ आला आणि कुणाला पत्ताच लागला नाही. अर्धं पाणी मोरीतून वाहून गेलं. ती सोनेरी वस्तू शोकेसमध्ये उभी होती. ती मी बाहेर काढली, चाकूनं झाकणं खरवडून सोडवली आणि लेकीसमोर ठेवली.

“हे पुन्हा कर बरं.”

“कसं करायचं असतं?”

“असतं काय? तू केलं होतंस ना, तसं.”

“पण ते चुकलं होतं ना?”

मी नाही म्हटलं. चुकलं नव्हतं, अगदी बरोबर होतं, मीच चुकले, असं तीन-तीनदा सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, झाकणं उलटसुलट करून पाहिली, आणि विचारलं, “मग या वेळी लेस कोणत्या रंगाची लावायची?”