समासातला शेरा

करुणा टाइप करते तेव्हा तिच्या बोटांकडे बघू नये, आपल्यालाच दम लागतो. गुलमंडीमागच्या गल्लीत बद्रीनाथच्या छापखान्यात ती अकरा वर्षं कॉम्प्युटरवर पुस्तकं जुळवते आहे आणि मी, निवृत्त झालेला रामकिसन मास्तर, शेजारच्या टेबलावर त्यातल्या चुका काढतो. चुका काढणं हा माझा स्वभावच आहे, घरचे सांगतील. पण या हकिकतीतली सगळ्यात मोठी चूक माझ्याच पेन्सिलीची आहे, म्हणून ती मीच सांगितलेली बरी.

करुणा लासूर स्टेशनजवळच्या एका खेड्यातली. नवरा गेला तेव्हा तिची मुलगी प्रेरणा शाळेत जायला लागली होती. शाळा जवळ पडावी म्हणून करुणानं पुंडलिकनगरात खोली बघितली. तीन घरं तिला पसंत पडली. तिन्ही घरांनी आधी चहा विचारला, मग आडनाव विचारलं आणि मग आपला भाचा राहायला येणार असल्याचं त्यांना एकदम आठवलं. तिघांनाही भाचाच कसा आठवला, हे ती हसत सांगायची. शेवटी शहराच्या टोकाला पडेगावात तिला दोन खोल्या मिळाल्या. तिची म्हातारी आई गोजरबाई तिथं तिच्याजवळ असते. घर करुणाच्या पगारावर चालतं.

छापखान्यात ती घरून पाण्याची बाटली आणते. माठ तिच्या टेबलापासून चार पावलांवर आहे. कुणी तिला कधी नको म्हटलेलं नाही. कुणी कधी घे असंही म्हटलेलं नाही, आणि त्यात मीही आलो.

गेल्या वर्षी काकासाहेबांचं पुस्तक आमच्याकडे आलं. काकासाहेब म्हणजे मोठे सरकारी अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, आणि गावच्या पाटलाचे चिरंजीव. गावाकडच्या माणसांच्या आठवणी त्यांनी लिहिल्या होत्या. हस्तलिखित पहिल्यांदा माझ्या हातात पडलं. त्यात 'गोजरा' नावाचं एक प्रकरण होतं. एका वर्षी बौद्धवाड्यातल्या लोकांची फार उपासमार झाली, तेव्हा लेखकाची आई रोज तिन्हीसांजेला गोजराच्या पदरात गरम भाकर घालायची आणि गोजरा हात जोडून दुवा द्यायची, असं सगळं. उपासमार का झाली ते लिहिलेलं नव्हतं. मलाही ते विचारावंसं वाटलं नाही. समासात मी पेन्सिलीनं शेरा मारला, 'हृद्य. तसंच ठेवावं.'

कागद करुणाकडे गेले. तिनं ते प्रकरण एकही चूक न करता जुळवलं, प्रत काढली आणि हस्तलिखिताचा माझा शेरा असलेला कागद माझ्यापुढे ठेवला.

"सर, ही गोजरा माझी आई आहे," ती म्हणाली. "तिनं ती भाकर घेतली नव्हती."

मग तिनं सांगितलं. तिचं गाव तेच काकासाहेबांचं गाव. त्या वर्षी बौद्धवाड्यातल्या लोकांनी गावातली मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं. पाटलानं गाव बोलावलं आणि त्यांची कामं बंद झाली, दुकान बंद झालं, पिठाची गिरणीसुद्धा बंद झाली. गोजरबाई तान्हं पोर पाठीला बांधून आणि ज्वारीचं गाठोडं डोक्यावर घेऊन लासूरच्या गिरणीपर्यंत चालत जायची. वर्षभर हेच. आई मला हे लहानपणापासून सांगत आली आहे, करुणा म्हणाली, आणि आता पुस्तकात ती हात जोडून उभी आहे.

मी काय केलं असेल? शहाणपण शिकवलं. काकासाहेब मोठा माणूस, बद्रीनाथचं निम्मं काम त्यांच्या ओळखीनं येतं, तुझी नोकरी जाईल, हळूच नाव तेवढं बदलून घेऊ, असं म्हणालो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, परवा वाचन आहे ना? त्या दिवशी मी आईला घेऊन येते.

आमच्याकडे वाचनाची जुनी रीत आहे. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्यानं छापील प्रतीवर बोट ठेवून जुळतंय का ते बघायचं. काकासाहेबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, म्हणून ते स्वतः ऐकायला येणार होते. वाचणार करुणा, बोट माझं.

ते आले, काळा चष्मा लावून, बद्रीनाथच्या हाताला धरून. दाराजवळच्या बाकावर पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी बसली होती. बद्रीनाथनं कोण म्हणून विचारलं. करुणा म्हणाली, माझी आई. त्याच्या दृष्टीनं विषय तिथंच संपला.

दोन प्रकरणं झाली. तिसरं निघालं, 'गोजरा'. करुणाचा आवाज मात्र तसाच सपाट. "गोजरा हात जोडून म्हणाली, स्वल्पविराम, अवतरण सुरू, मायबाप, स्वल्पविराम, तुमचं अन्न सात जन्म विसरायची नाय, पूर्णविराम, अवतरण बंद." आपल्या आईला असं जोडलेल्या हातांनी उभं करून वाचणं, आणि वर पूर्णविरामही म्हणणं! मला मान वर करवेना. काकासाहेब डोलत होते. शेवटी त्यांनी चष्मा काढून डोळे टिपले आणि तिच्या वाचनाची तारीफ केली. अशी माणसं आता राहिली नाहीत, असंही म्हणाले.

"आहे," करुणा म्हणाली. "ती तिथं बाकावर बसलीय."

गोजरबाई उठली नाही. बसल्या जागेवरून बोलली.

"भाकर घिऊन तुमीच आला व्हता, काकासाहेब. मिसरूड फुटत व्हतं तुमाला. येकदाच आला व्हता. मी काय म्हनले, ते यांस्नी सांगा."

बद्रीनाथ अर्धा उठला आणि तसाच राहिला. काकासाहेब चष्म्याची काडी उघडत-मिटत होते. ते सगळं नाकारतील आणि करुणाला आजच घरी पाठवलं जाईल, हे मी धरूनच चाललो होतो.

"आधी गिरणी उघडा म्हणालीस," ते पुटपुटले. मग म्हणाले, "म्हणालात."

त्यानंतर ते बरंच बोलले. आईला मनापासून द्यायची होती, ती परत आलेली भाकर बघून फार रडली, तिला बरं वाटावं म्हणून आपण तसं लिहिलं. शिवाय भाकर घेतली असं लिहिलं की गोजरा वाचणाऱ्याला गोड वाटते. हे ऐकताना मला माझा शेरा आठवला.

"मी गोड नव्हते," गोजरबाई म्हणाली. "मी उपाशी व्हते, आन् भाकर म्हागं दिली. तेवढंच व्हतं माझ्याजवळ. ते बी तुमी घिऊन ऱ्हायले."

काकासाहेबांनी नाव बदलायची तयारी दाखवली. म्हातारी म्हणाली, मग दुसरी कोणी बाई हात जोडून उभी राहील. त्यांनी प्रकरणच काढतो म्हटलं. तिला तेही नको होतं. जसं झालं तसं लिहा, एवढंच तिचं मागणं. पण तसं लिहायचं तर गिरणी कुणी बंद केली तेही लिहावं लागतं, आणि ते काकासाहेबांचे वडील. काकासाहेबांनी चष्मा परत लावला. मग बद्रीनाथला हळूच म्हणाले, काढून टाका, आणि त्याचा हात धरून निघून गेले.

पुस्तक 'गोजरा'शिवाय निघालं. प्रकाशनाला हार, शाल, फोटो, सगळं झालं. बद्रीनाथ करुणाला दोन दिवस वाट्टेल ते बोलला, पण तिच्याइतकं काम दुसरं कोण करणार, म्हणून नोकरी राहिली. लेखकांसमोर वाचायला मात्र तो आता तिला बसवत नाही. काकासाहेबांच्या ओळखीचं काम दुसऱ्या छापखान्यात गेलं.

मीही एक केलं, उशिरा केलं. एका दुपारी माठातलं पाणी तांब्यात काढून तिच्या टेबलावर नेऊन ठेवलं. तिनं नको अशी मान हलवली आणि आपल्या बाटलीतलं पाणी प्यायली. मला राग आला, खोटं कशाला सांगू. राग दोन दिवस टिकला, मग परत आलेल्या भाकरीची आठवण झाली.

हल्ली काम संपल्यावर ती अर्धा तास थांबते. घरी आईनं सांगितलेलं फोनवर रेकॉर्ड करून आणते आणि कानाला लावून जुळवते. परवा तिनं पहिली बारा पानं माझ्या टेबलावर आणून ठेवली. वर आईचं पूर्ण नाव होतं. मी सवयीनं पेन्सिल उचलली.

"चुका काढा, सर," ती म्हणाली. "शेरा नको."

मी पेन्सिलीला टोक केलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.