डमीच्या हातावरची पट्टी

पलंगावरच्या डमीची चादर मी उचलली. तिच्या हाताला मी बांधलेली पट्टी होती.

डमी म्हणजे रबरी पेशंट. नर्सिंगच्या मुली इंजेक्शन, ड्रेसिंग आधी तिच्यावर शिकतात. मी निवृत्त मेट्रन. नर्सिंग शाळांच्या इन्स्पेक्शनला जाते. आदल्या दिवशी परंड्याकडच्या एका शाळेत मुलीला पट्टी जमेना, म्हणून मीच बांधून दाखवली होती. मी डावखुरी, माझे वेढे उलटे पडतात. आज कळंबकडच्या शाळेत तेच उलटे वेढे! डमी इकडे आणणाऱ्यांचं घाईत पट्टी काढायचं राहून गेलं होतं.

इथल्या प्राचार्य सुरवसे मॅडमवर सकाळपासूनच माझा संशय होता. नजर चुकवायच्या, विचारलं तेवढंच बोलायच्या. कालच्या प्राचार्य कशा बोलक्या, हसतमुख! आमच्या फॉर्मवर ‘प्राचार्यांचे नेतृत्वगुण’ असा रकाना असतो. त्यांना मी दहापैकी नऊ दिले होते. इथं चारच्या वर जायचं नाही, हे चहा पितानाच ठरवलं होतं.

“ही डमी कुणाची?” मी विचारलं.

संस्थेचे अध्यक्ष शेजारीच होते. “आपलीच की मॅडम. लई जुनी हाय.”

“सुरवसे मॅडम, तुम्ही सांगा.”

त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. आता पढवलेलं उत्तर येणार, असं मला वाटलं.

“आमची न्हाय, मॅडम. सकाळी जीपमधून आणली. आमच्या पोरी पहिली सुई थेट पेशंटलाच टोचतात. मला ते बघवत न्हाय.”

“तोंड आवरा मॅडम,” अध्यक्ष कडाडले. “शाळा बंद पडंल!”

“माझी नोकरी जाईल, व्हय ना? जाऊ द्या. डमी तरी येईल.”

हेही नाटक असेल, अशी मला शंका. म्हटलं, “लेखी द्या.” त्यांनी उभ्या उभ्या लिहिलं, सही केली. मला माझीच लाज वाटली.

डमी घेईपर्यंत नवे प्रवेश थांबवा, असं मी रिपोर्टमध्ये लिहिलं. डमी उसनी देणाऱ्या कालच्या प्राचार्यांचे नऊ मार्क मात्र ऑफिसात पोचले होते. ते बदलायला मला दोन अर्ज करावे लागले.

तीन महिन्यांनी पुन्हा गेले. सुरवसे मॅडमच्या खुर्चीत दुसऱ्याच बाई होत्या. पलंगावर नवी डमी. नुसती दाखवायला आणली असेल, म्हणून चादर उचलली. दंडाची चाळण झाली होती.

“सुरवसे मॅडम जाताना सांगून गेल्या,” एक मुलगी म्हणाली, “रोज धा येळा टोचायचं. कुणी न्हाय म्हणलं तरी.”

नेतृत्वगुणांचा रकाना आता मी सगळ्यात शेवटी भरते. आधी चादर उचलते.