सात नंबरच्या मादीचं पिल्लू

दुपारचं जेवण झालंय, प्रुफं छातीवर पालथी पडलीत आणि डोळा लागतोय की नाही हे माझं मलाच नक्की कळत नाही. प्रुफं खासनीस सरांच्या पुस्तकाची. उत्क्रांती म्हणजे काय आणि माणसाचा स्वभाव तिनं कसा घडवला, हे सरांनी या पुस्तकातून घराघरांत पोचवलं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. नवी आवृत्ती मी तपासतेय, कारण मी त्यांची विद्यार्थिनी. पान त्र्याण्णववर एक वाक्य आहे: 'वानराची मादी आपले पिल्लू क्षणभरही दुसऱ्या मादीच्या हाती देत नाही, आईने घरी राहावे ही निसर्गाचीच आज्ञा आहे.' माझ्या ऋचाच्या सासूबाईंनी ते फ्रेम करून लावायचंच काय ते बाकी ठेवलंय. सोमवारी माझी लेक तान्ह्या बाळापायी नोकरीचा राजीनामा देणार आहे. आणि प्रकाशक म्हणतात, गेलेल्या लेखकाच्या शब्दाला हात लावायचा नाही. त्यांच्या हातची दुरुस्ती असेल तर दाखवा.

पंखा घरघरतोय. पलंगाच्या पायथ्याशी सर बसलेत. तोच खाकी बुशशर्ट, गळ्यात दुर्बीण.

"कुमुद, कुठवर आलं?"

"त्र्याण्णववर अडलंय. सर, हे तुम्ही कुठे पाहिलंत?"

"टेकडीवर. आपण दोन वर्षं जात नव्हतो का?"

टेकडीवरच आहोत आम्ही. खडक तापलेत आणि वडाखाली वानरांची टोळी विसावलीय. सरांनी नरांना सरदारांची नावं दिली होती, माद्यांना नुसते आकडे. सात नंबरची मादी आपलं दोन दिवसांचं पिल्लू अकरा नंबरच्या कुशीत देते आणि खुशाल शेंगा खायला निघून जाते.

"बघा! हे मी वहीत एकशे चाळीस वेळा टिपलंय. वही तुमच्याच टेबलावर होती."

"दुपारच्या नोंदी होत्या गं त्या."

दुपारी सर विश्रामगृहात झोपायचे. नरांच्या मारामाऱ्या सकाळी, म्हणून सकाळ त्यांची. रणरणती दुपार आम्हा मुलींची.

माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. "मग ते वाक्य कुणाकडे बघून लिहिलंत?"

सर दुर्बिणीची काच पुसत राहतात. "आईकडे. ती मला सोडून कधी कुठे गेली नाही."

"जाऊन जाणार कुठे होती ती? विचारलंत कधी तिला?"

खडकांचे वर्गातले बाक झालेत. मागच्या दारानं सात नंबर येते, सरळ सरांपर्यंत जाते आणि पिल्लू त्यांच्या मांडीवर ठेवून खिडकीतून निघून जाते. पिल्लू बुशशर्टला घट्ट धरतं. ते पडू नये म्हणून सर त्याला दोन्ही हातांनी कवटाळतात.

"कुमुद, घे बाई याला."

"आधी ते वाक्य खोडा."

"कसं खोडू? दोन्ही हात अडकलेत."

"अडकलेत ना? तेच सांगतेय मी!"

माझा आवाज चिरका होतो. या माणसासमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. पुस्तक छापून आलं तेव्हा ते वाक्य मी वाचलं होतं, आणि तरी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले होते. त्यांचा राग येतो, त्याहून जास्त माझा येतो. पिल्लू केविलवाणं ओरडतं. शेवटी मीच हात पुढे करते. ते माझ्या दंडाला बिलगतं, अंग कसं ऊन ऊन आहे त्याचं.

"झाले मोकळे हात. आता लिहा."

सर खिशातलं पेन काढतात, टोपण दातांनी उघडतात आणि बराच वेळ पानाकडे बघत बसतात.

मला जाग येते. चार वाजलेत. प्रुफं जमिनीवर विखुरलीत आणि सगळ्यांत वर पान त्र्याण्णव आहे. वाक्यावर आडवी रेघ. बाजूला समासात सरांचं बारीक, तिरपं अक्षर: 'हे मी स्वतः पाहिलेले नाही.'

शाई अजून ओली आहे. बोटाला लागते.