गोल न मारणारा सुभाष

वांगी भाजून झाली होती. माझा धाकटा भाऊ सुभाष जळगावहून सकाळच्या एसटीनं निघाला होता आणि धुळ्याला माझ्याकडे जेवायला येणार होता. त्याला भरीत आवडतं म्हणून मी ठेचायला घेतलं, तोच फोन वाजला. नंबर त्याचा, आवाज मात्र कंडक्टरचा. "तुम्ही ह्यांच्या कोण?... पारोळ्याच्या स्टँडवर लगेच या." सीट होती तरी सुभाष दाराजवळ उभाच होता म्हणे, आणि उभ्या उभ्याच कोसळला. हृदय बंद पडलं. सीट रिकामी असताना माणूस उभा का राहतो, असं त्या बिचाऱ्या कंडक्टरनं मला नंतर विचारलं. मी काय सांगणार? जित्याची खोड... ही म्हण पुरी करायचं धाडस मला अजून होत नाही.

महिना उलटून गेला, पण माझं चित्त थाऱ्यावर नाही. स्वयंपाकघरातून गॅलरीत जाते, तिथं कशाला आले ते आठवत नाही, परत फिरते. चिडचिड तर विचारू नका. त्यात आमच्या गावी, भडगावला, पोरांनी स्टँडसमोर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. प्रेमानंच लावला, पण त्यावर लिहिलं, 'शेकडो गोल करणारा खान्देशचा वाघ'. लावणाऱ्याला मी गाठलंच. म्हटलं, बाबा रे, ह्या माणसानं उभ्या आयुष्यात बोटांवर मोजण्याइतके गोल मारले असतील. तो शांतपणे म्हणाला, "आक्का, फुटबॉलवाला शे, मंग गोल ते लिखनाच पडतीन ना." सगळी नोकरी शाळेत शिकवण्यात गेलेली बाई मी, पण गोल नाही तर मग काय लिहायचं, हे मला तरी कुठं ठाऊक होतं?

सुभाष मैदानाच्या मधोमध खेळायचा. मिडफिल्डर. शिकायला म्हणून धुळ्याच्या बोर्डिंगात ठेवला, तिथल्या खडकाळ पटांगणावर हा नाद लागला आणि तो सुटला नाही. आधी मुंबईला एका कंपनीच्या संघात, मग गोव्याच्या क्लबात, पगारावर. पायाला भिंगरीच होती. आमच्या गल्लीला कुस्ती कळायची, क्रिकेट कळायचं, फुटबॉलमधला मात्र गोल तेवढा कळायचा. आमच्या वडिलांना, आबांना, तर पोरगं पळण्याचे पैसे घेतं ह्याचीच शरम वाटायची. एकदा त्याची मॅच टीव्हीवर लागणार म्हणून सगळी गल्ली आमच्या ओट्यावर जमली. आबा कपाशीतून लवकर घरी आले, हातपाय धुऊन पुढ्यात बसले. पण कॅमेरा चेंडूमागे, आणि सुभाषकडे चेंडू आला रे आला की त्यानं तो दुसऱ्याला दिलेला असायचा. हा दिसला म्हणेपर्यंत गेलेला, म्हणून आबा म्हणत राहिले, "हाऊ दखायना... गया." थोड्या वेळानं पुन्हा, "हाऊ दखायना... गया." सामना त्यांचा संघ जिंकला, गोल दुसऱ्यानंच मारला, गल्ली चहा पिऊन पांगली.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आबांनी पहिलाच प्रश्न टाकला, "कितला गोल मारात?"

"आबा, मी मारस नही. मी देस."

"दुसराले?" आबांनी विचारलं. मग अगदी खरोखरच्या काळजीनं म्हणाले, "मंग आपले काय ऱ्हायनं?"

सुभाष नुसताच हसला. आबा गेले तेही ह्याचं उत्तर न मिळताच गेले. आणि खरं सांगते, प्रश्न मलाही पटला होता. एवढं घर सोडलं, गुडघे झिजवले, बायकोला परमुलखात एकटं ठेवलं... कशासाठी? दुसऱ्याच्या पायात चेंडू नेऊन द्यायला?

खेळणं थांबल्यावर तो जळगावला परतला आणि एका पाइपच्या कारखान्यात ऑफिसात लागला. खुर्चीत मात्र बसवेना. पार्सल आलं का बघायला हाच जायचा, गेटवरच्या वॉचमनशी उभ्यानं बोलून यायचा. रविवारी उगीचच एसटीत बसून, म्हणजे उभा राहून, माझ्याकडे यायचा आणि माझ्या घरातही येरझारा घालायचा. मी ओरडायचे, "बस ना, डोकं फिरी गयं मन्हं." तो म्हणायचा, "बसनू म्हंजे गंज चढी, आक्का." त्याला पुन्हा विचारायला हवं होतं, की बाबा, तू नक्की करायचास तरी काय... पण घरातल्या माणसाला असले प्रश्न कोण विचारतं?

गेल्या आठवड्यात मी त्याच्या जळगावच्या घरी गेले होते, तेव्हा गोव्याहून फ्रान्सिस आला. तो आणि सुभाष एका संघात होते. हा गोल मारणारा, त्याचे फोटो पेपरात यायचे. गंधमुक्तीच्या दिवसकार्याला पोचता आलं नाही म्हणून मागाहून आला आणि माझ्या भावजयीसमोर ओशाळून बसला. मी सरळ विचारलं, काय करायचा हो माझा भाऊ?

तो म्हणाला, "ताई, गोल मारताना मला सुभाष दिसायचाच नाही. तो माझ्या पाठीमागे. मी वळून कधी बघितलं नाही. मोकळी जागा दिसली की पळायचं, चेंडू तिथं यायचाच." मग तो खाली बघत म्हणाला, "तो गुडघ्यासाठी बाहेर बसला त्या वर्षी मी तसाच पळायचो. जागेवर पोचायचो आणि चेंडू नसायचाच. लोक म्हणाले, फ्रान्सिस संपला. मी संपलो नव्हतो, ताई... सुभाष नव्हता."

भावजय उठून आत गेली. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. हे एवढं साधं वाक्य आबा असताना कुणी का नाही सांगितलं? धुळ्याला परतताना पारोळा आलं तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघितलंच नाही.

परवा दुपारी एकटीच जेवायला बसले. भरीत सुभाष गेल्यानंतर पहिल्यांदाच केलं होतं. मिरची फार पडली असावी, दुसऱ्याच घासाला ठसका लागला. डोळ्यांत पाणी, समोरचं काही दिसेना, आणि मी न बघताच डावा हात पुढे केला. सुभाष जेवायला असला की मला ठसका लागायच्या आत पाण्याचा तांब्या त्या जागी सरकवलेला असायचा. कधी सरकवायचा ते मी एकदाही पाहिलेलं नाही. हात टेबलावर नुसताच फिरला. मग मी उठले आणि माठातून पाणी घेतलं.