धुक्यातला बांध

उर्से टोलनाका मागे पडल्यापासून मी लोकांचा उद्धार करत होते. उजवी लेन ओव्हरटेक करण्यापुरती असते, हे इथे कुणाच्या गावीही नसतं. एक ट्रक ती अडवून निवांत चालला होता, आणि एक गाडी इंडिकेटर न देता डावीकडून माझ्यापुढे घुसली. शेजारी बसलेले आबा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "बांध कोरतोय."

शेतकऱ्याच्या तोंडी याहून मोठी शिवी नाही. दर नांगरणीला सामाईक बांध वीतभर खायचा, कुणाच्या लक्षात येणार नाही असा. अशाच कोरलेल्या बांधावरून आबा आणि माझे धाकटे काका यांच्यात वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. मोजणी झाली, कोर्ट झालं, अबोला तेवढा राहिला. आता काका पनवेलला दवाखान्यात होते आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. सकाळी आबा आपणहून गाडीत येऊन बसले. भाऊ जिवंत भेटावा, एवढंच त्यांना हवं होतं.

कुसगाव मागे पडलं आणि खंडाळ्याच्या उतारावर धुक्यानं गाठलं. बॉनेटच्या पुढे पांढऱ्या पट्टीचे दोन तुकडे दिसत, तिसरा नाही. मी वेग कमी केला, हेडलाइट डिमवर घेतले आणि जन्मात पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसून गप्प राहिले.

डावीकडे कंटेनरचे लाल दिवे, पुढेही लाल दिवे, मागे पिवळे. एरवी वडापावच्या गाडीवर रांग न धरणारी हीच माणसं, आणि सगळी आपापल्या लेनमध्ये, अंतर राखून उतरत होती. हॉर्न नाही की घाई नाही. दोन लेनच्या मध्ये होता तो नुसता रंगाचा थर, आणि त्याच्या भरवशावर आम्ही सगळ्या अनोळखी लोकांनी आपले जीव एकमेकांच्या हाती दिले होते. या रस्त्यावरून इतकी वर्षं गेले, पण हे कधी दिसलंच नव्हतं.

"कुनी बी कोरंना," आबा म्हणाले. "दगुड न्हाई, मोजनी न्हाई, तरी कुनी बी कोरंना." देवळात बोलावं तसा त्यांचा आवाज खाली आला होता.

उजवी लेन मोकळी वाटत होती. आबांची घालमेल मला बघवेना.

"आबा, काढू का गाडी पुढे?"

"नगं. आपल्या पट्टीत ऱ्हा."

मग त्यांनी खिशातून फोन काढला, माझ्या चुलतभावाला लावला आणि फोन काकांच्या कानाशी धरायला सांगितलं. स्पीकर चालू होता.

"मी हाय," आबा म्हणाले. "घाटात धुकं लय हाय. उशीर हुईल. थांबशील न्हवं?"

पलीकडून श्वासाची घरघर आली.

"थांबतो, दादा," काका म्हणाले. "सावकाश ये."