ओळखीचे कावळे

अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलमध्ये मराठी घरातलं कुणी गेलं की पहिला फोन फ्युनरल होमला जातो आणि दुसरा कृष्णाकाकांना. भारतातल्या नातेवाइकांचा नंबर त्यानंतर.

कृष्णाकाका पांढरीपांडे मूळ नागपूरचे. वीज मंडळातून निवृत्त झाले आणि एकुलता एक मुलगा निमिष इथं नोकरीला म्हणून उल्काकाकूंना घेऊन इथंच राहायला आले. पहिल्याच हिवाळ्यात आमच्या राजच्या वडिलांच्या दहाव्याला ते तळ्याकाठच्या पार्कात आले होते. गुरुजींनी पिंड ठेवला. कावळा पार्किंग लॉटमधल्या दिव्याच्या खांबावर बसून राहिला आणि पिंडाकडे निघाली कॅनडाची ढब्बू रानबदकं. राज बिचारा हात जोडून त्या बदकांनाच सांगत होता, "बाबा, आईला कधी एकटं सोडणार नाही." बदकं त्याच्या बुटाची लेस ओढत होती. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला आणि वेळ निभावून नेली.

परतताना काका गाडीत धुमसत होते. "दर्भाचा कावळा म्हणजे काय जी? जावयाच्या फोटोपुढे पुरणपोळी वाढून राहिले का आपण?"

दुसऱ्या दिवसापासून ते कावळ्यांच्या मागे लागले. आधी घरामागच्या अंगणात शेंगदाणे टाकून पाहिले. शेजाऱ्यांच्या पांढऱ्या गाड्यांवर कावळ्यांनी पोच दिली आणि सोसायटीची नोटीस आली. मग काकांनी कारभार पार्कात हलवला. रोज सकाळी तोच बाक, डोक्याला काकूंनी विणलेली भगवी कानटोपी आणि हातात काकूंनी बांधून दिलेला भाताचा डबा. अमेरिकन कावळा भाताला तोंड लावत नाही. काकांनी त्याला शेंगदाण्यावरून उकडलेल्या अंड्यावर आणि अंड्यावरून दहीभातावर आणलं. नातवंडांना वरणभात खायला शिकवताना निमिष आणि त्याची बायको विनीता जिथं हरले, तिथं काका कावळ्यांच्या बाबतीत जिंकले.

"बाबा, कावळे माणसांचे चेहरे लक्षात ठेवतात," सून विनीता एकदा म्हणाली. "रिसर्च झालाय त्याच्यावर."

"आमच्या मावशीकडे कावळा ओरडला की ती कुकरमध्ये मूठभर तांदूळ जास्त टाकायची. पाहुणा यायचाच. कोणता रिसर्च केला होता तिनं?"

"इथं पाहुणे आधी टेक्स्ट करतात, बाबा."

"म्हणूनच तर इथल्या कावळ्यांना उद्योग नाही. मी दिला."

आणि खरोखरच दिला. पुढच्या दहाव्याला काका कानटोपी घालून पिंडाशेजारी उभे राहिले, "काव काव" म्हणाले आणि घरच्यांचे हात जोडून होईपर्यंत कावळा शिवलासुद्धा. लेकीसुना रडल्या, पण त्या रडण्यात सुटका होती. परदेशात मेलेल्या माणसाचं काहीतरी राहून गेलं असणार, ही धास्ती इथं सगळ्यांनाच असते. काकांच्या कावळ्यांनी ती कितीतरी घरांतून उतरवली.

एकट्या रेखाताईंना तेवढी शंका आली. "काका, आमच्या सासूबाईंनी जन्मात नावं ठेवल्याशिवाय घास घेतला नाही. आणि आज ताबडतोब?"

"वर गेल्यावर स्वभाव निवळतो, रेखाताई," काका गंभीरपणे म्हणाले.

या सगळ्यात उल्काकाकू कुठं होत्या? भात रांधत होत्या. फार बोलायच्या नाहीत. थंडीची चाहूल लागली की मात्र एकदा विचारायच्या, "यंदा संत्र्यांच्या दिवसांत जायचं का हो नागपूरला? रेणूलाही भेटणं होईल." रेणू म्हणजे त्यांची धाकटी बहीण. काका म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की." आणि त्या प्रत्येक पुढच्या वर्षी काहीतरी निघायचं. ग्रीन कार्डाचे कागद अडकलेले असायचे, नाहीतर विनीताचं बाळंतपण, नाहीतर काकांचा गुडघा. मग काकू विचारीनाशा झाल्या. कधीपासून, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. काकांच्याही नाही.

या मार्चमध्ये, सकाळी कावळ्यांचा भात कुकरमध्ये असताना, काकू स्वयंपाकघरातच कोसळल्या. हॉस्पिटलपर्यंतही पोचल्या नाहीत.

दहाव्याला काकांना पार्कात मी घेऊन गेलो. त्यांच्या डोक्याला टोपी नव्हती. बाहेर चांगलीच थंडी होती.

"काका, टोपी विसरलात."

"विसरलो नाही. ओळखायला नको त्यांनी." त्यांनी सीटबेल्ट ओढून लावला. "कावळा आज अडेल. तुम्ही लोक मधेमधे बोलू नका बापा. मी बोलेन."

"काय बोलणार?"

"नेतो म्हणेन. निमिषनं डिसेंबरची तिकिटं काढली आहेत. अस्थी घेऊन रेणूकडेच उतरतो, संत्र्यांच्या दिवसांत. पण आधी तिनं अडवलं तर पाहिजे ना! इतक्या वर्षांत एकदा रुसली नाही ती. मी नाही म्हणायचो आणि ती भाजी चिरायला घ्यायची. आज रुसेल. आज हक्क आहे तिचा."

गुरुजींनी पिंड ठेवला. आम्ही मागे सरलो. काका दोन पावलं पुढे झाले, घसा खाकरला, हात जोडायला उचलले. हात छातीपर्यंतही गेले नव्हते, तोच कावळा उतरला आणि त्यानं पिंडाला चोच लावली. मग दुसरा आला, मग तिसरा. टोपी नव्हती, पण चेहरा तर तोच होता.

"थांब ना रे," काका म्हणाले. "थांब ना, बाबा. मला बोलायचं आहे."

कावळे शिस्तीत जेवत होते. मागे बायका एकमेकींना म्हणत होत्या, "सुटल्या काकू. कशात जीव अडकला नव्हता हो." निमिषनं रडत वडिलांना मिठी मारली. काकांचे हात त्या मिठीत तसेच अर्धवट जोडलेले राहिले.

गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "एक तर तिला माझ्याकडून काही मागायचंच उरलं नव्हतं. नाहीतर हे हरामखोर ती यायच्या आत येऊन जेवून गेले. यातलं खरं कोणतं, सांगेल का कुणी मला?"

एरवी मला प्रत्येक गोष्टीवर विनोद सुचतो; त्या दिवशी मी नुसती गाडी सुरू केली.

काकांनी पार्कात जाणं बंद केलं. विनीता सांगत होती, भाताचा डबा उघडला तरी लगेच बंद करून ठेवतात. कावळे म्हणे बरेच दिवस त्या बाकावर येऊन बसत होते. मग एका शनिवारी सकाळी काकांचाच फोन आला. "ड्राइव्ह करशील का रे? लांब जायचं आहे. ज्यांची माझी ओळख नाही असे कावळे पाहिजेत."

आम्ही पश्चिमेला डोंगरांच्या बाजूला गेलो. पाइनच्या झाडांमधला एक पिकनिक एरिया दिसला. झाडावर कावळे होते. काकांनी स्वतः रांधलेल्या भाताचा गोळा पानावर ठेवला. भात थोडा करपला होता. आम्ही लांब जाऊन उभे राहिलो. कावळ्यांनी मान वाकडी करून पाहिलं आणि जागचे हलले नाहीत.

"बघ," काका माझा दंड धरून म्हणाले, "नाही येत." कित्येक आठवड्यांनी त्यांचा चेहरा उजळला होता.

मग ते पुढे झाले. हात नीट जोडले. "उल्का, डिसेंबरात नेतो तुला." कावळा हलला नाही. "रेणूकडे महिनाभर राहू. दोन महिने राहू." झाडावर सामसूम. "आपण आधीच जायला पाहिजे होतं. माझा गुडघा काही एवढा दुखत नव्हता." एक कावळा उडून वरच्या फांदीवर बसला. काका बोलत राहिले. ग्रीन कार्डाबद्दल बोलले, नागपूरच्या घराबद्दल बोलले, ते विकताना तिला फक्त कळवलं होतं, विचारलं नव्हतं, हेही बोलले. मग बोलण्यासारखं संपलं.

"मग काय पाहिजे होतं तुला?" ते म्हणाले. "सांग ना."

ऊन कलायला लागलं. भाताचा गोळा वाऱ्यानं वरून वाळत चालला होता. विनीतानं दिलेला पोळीभाजीचा डबा गाडीत तसाच होता. मी तो आणून काकांच्या पुढे धरला.

"काका, दोन घास खाऊन घ्या. सकाळपासून उपाशी आहात."

त्यांनी हातानं डबा बाजूला केला. नजर झाडावरच होती.

"आधी तिला जेवू दे," ते म्हणाले.