आक्काचा विकार

माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, उत्रोलीत दिलं होतं. भाताची लावणी करताना तिला धाप लागायची. ती बांधावर टेकली की सासू म्हणायची, "कामाचा कंटाळा, दुसरं काय!" हे वेल्ह्याकडच्या आमच्या वाडीत कानावर आलं, तेव्हा आमचे वडील, आबा, मला सोबत घेऊन तिला आणायला गेले आणि परतताना त्यांनी गाडी भोरच्या दवाखान्याकडं वळवली.

डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "हृदयाचा विकार आहे," ते म्हणाले.

"इकार म्हंजी काय, सायेब?" आबांनी विचारलं.

"शरीरातला एखादा भाग बिघडला, नीट चालेनासा झाला, की त्याला विकार म्हणतात. काम केलं की हिला धाप लागणारच."

"म्हंजी म्या सोंग करत न्हाई?" आक्कानं विचारलं.

"नाही, बाई."

आक्का तिथंच बाकावर बसून रडली. हे बरं व्हायचं नाही, असंही डॉक्टरांनी आबांना सांगितलं. पण तिला त्या घटकेला डॉक्टरांचं ते 'नाही' पुरे होतं.

मग ती आमच्याकडंच राहिली. कुणी विचारलं तर ताठ मानेनं सांगायची, "मला इकार हाय." दुपारी ती माझी वेणी घालायची आणि दम घ्यायला मधेच थांबायची. वेणी झाली की मी ती मुद्दाम सोडून म्हणायचे, "सैल झाली, परत घाल."

पुढच्या आखाडात ती गेली. आज मी तिच्या तिप्पट वयाची आहे, तरी एकदा तिच्यापुढं पाठ करून बसावंसं वाटतं.